धुतलेली मुळं

चुना पाण्यात पडला की आधी एक सुस्कारा ऐकू येतो आणि त्याच्या मागोमाग वास येतो: भिजल्या भिंतीचा, उन्हात तापलेल्या शिंपल्यांचा. त्यात मोरचुदाची तांब्यासारखी कडसर धार मिसळली की माझी जीभ आपोआप टाळूला चिकटते आणि नरपडच्या रस्त्यावरचं एक फाटक डोळ्यांसमोर उभं राहतं. फाटकाच्या आत सिमेंटची उथळ पन्हळ, तीत आकाशाहून फिकं निळं पाणी आणि पन्हळीच्या काठाशी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या असलेल्या दमूताई. त्यांच्या चिकूच्या वाडीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचे पाय, चपलांसकट, त्या पाण्यातून गेल्याशिवाय फाटक उघडत नसे. घरी पोचेपर्यंत पाय वाळत, पण टाचांच्या भेगांमध्ये निळी रेघ उरून राही.

दमयंती हे त्यांचं नाव. सत्तरीकडे झुकलेल्या, उंच, पाठीला अजिबात बाक नसलेल्या. पदर घट्ट खोचलेला, त्यात छाटणीची कात्री, आणि गळ्यात मंगळसूत्राच्या जागी काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग. आता त्या वापीला लेकीकडे असतात, असं कळतं. वाडीच्या फाटकाला कुलूप आहे. पन्हळीत पावसाचं पाणी साचतं आणि त्यात बेडूक असतात.

आमचं बागप्रेमी मंडळ हे डहाणू-तलासरी पट्ट्यातल्या बागवेड्या माणसांचं. महिन्यातल्या एका रविवारी कुणाच्या तरी अंगणात जमायचं, एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि मग सगळ्यांनी एकदम बोलायचं, असा त्याचा साधा शिरस्ता होता. अध्यक्ष राऊत सर, वाणगावचे, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या खालोखाल आवाज हंसाबेनचा. डहाणू स्टेशनाजवळ त्यांचं कापडाचं दुकान आणि दुकानावरच्या गच्चीत गुलाबांचं गोकुळ. मी महाविद्यालयात मराठी शिकवते. आयुष्यभर कवितेतली फुलं वाचली होती, एकही लावलं नव्हतं. म्हणून मंडळात गेले.

मंडळाची एक प्रथा होती आणि तिने मला पहिल्याच दिवशी जिंकलं. एका मोठ्या कुंडीत अनंताचं झाड होतं, तिला ‘मंडळाची कुंडी’ म्हणत. ज्याच्या अंगणात बैठक, त्याच्या घरी ती कुंडी राऊत सरांच्या गाडीच्या डिकीतून जात असे. नवा सदस्य आला की तो घरची मूठभर माती तिच्यात घाली, जुने सदस्य दर वर्षी पुन्हा घालीत. मग दसऱ्याला वरची माती उकरून, आपट्याच्या पानाबरोबर, प्रत्येकाला एकेक मूठ मिळे. “सगळ्यांची माती सगळ्यांच्या घरी,” राऊत सर म्हणत. हे वाक्य उच्चारताना त्यांचा आवाज किंचित ओलावत असे. मला तर ती आख्खी प्रथा एखाद्या कवितेच्या ओळीसारखी वाटली होती. मी माझी मूठ घातली, अनंताच्या फुलाचा वास घेतला आणि कृतार्थ झाले.

दमूताईंनी त्या कुंडीत कधीच माती घातली नाही.

“या वर्षी तरी, दमूताई?” कासा गावच्या बैठकीत राऊत सरांनी सगळ्यांसमोर विचारलं.

“माझी माती माझ्या घरी बरी आहे.”

“निदान आमची तरी घ्या.”

“ती तुमच्या घरी बरी आहे.”

हंसाबेन माझ्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “सोनं आहे ना वाडीत, देणार कशी!”

“सोनं असतं तर दिलं असतं, हंसा,” दमूताई वळूनही न बघता म्हणाल्या. “सोन्याला रोग लागत नाही.”

त्या वाक्याकडे तेव्हा कुणी नीट कान दिला नाही.

संशय हा दमूताईंचा श्वास होता. कोणतंही रोप हाती आलं की पहिला प्रश्न, “कुठून आलं हे?” उत्तर मिळालं की दुसरा, “त्याच्याकडे कुठून आलं?” पान त्या कधी समोरून पाहत नसत, आधी उलटं करीत, भिंग लावीत, मग वासही घेत. एकदा मी माझ्या जास्वंदीचा नवा तांबूस पाला कौतुकाने दाखवायला नेला. त्यांनी तो उलटा केला आणि म्हणाल्या, “तुम्ही कवी लोक पानाचा रंग बघता, बाई. मी त्याची पाठ बघते. चोर पाठीमागे लपतो.” माझ्या जास्वंदीच्या पाठीवर खरोखरच पांढऱ्या कापसासारखी कीड होती. मला मात्र किडीपेक्षा त्यांच्या आवाजातलं समाधान अधिक टोचलं.

ही सवय त्यांच्या हाताला इतकी जडली होती की हंसाबेनच्या घरी बशीतला हांडवासुद्धा त्यांनी बोटाने उलटून खालची बाजू पाहिली.

“अरे बेन, हांडवो छे आ, पान नथी!” हंसाबेन ओरडल्या.

“खालून करपलाय,” दमूताई म्हणाल्या आणि शांतपणे खाल्ला.

त्यांचा संशय नेहमी बरोबर निघे, असंही नाही. राऊत सरांनी एकदा नारळाच्या भुश्श्याची दाबलेली वीट आणली. पाण्यात टाकताच ती फुगून बादलीबाहेर आली. दमूताईंनी ती बादली अंगणाच्या टोकाला ठेवायला लावली, “यात काहीतरी जिवंत आहे,” असं सांगितलं आणि बैठक संपेपर्यंत तिच्यावर नजर ठेवून बसल्या. त्यात काहीच नव्हतं. त्याच भुश्श्यात सरांची मिरचीची रोपं कमरेएवढी झाली. दमूताईंनी चूक कबूल केली नाही. पुढच्या बैठकीला सरांसाठी निवडक चिकूंची टोपली मात्र आली, चिठ्ठीशिवाय, शब्दाशिवाय.

त्यांच्याकडची खरी दौलत चिकू नव्हती. त्यांच्या सासूबाईंनी लावलेल्या पानवेली होत्या. हाताच्या तळव्याएवढं, मधाच्या छटेचं, जिभेवर आधी गोड आणि मग हलकेच झोंबणारं ते पान पंचक्रोशीतल्या प्रत्येक लग्नात सुपारीखाली असायचं. साखरपुडा ठरला की मुलीकडचं माणूस आधी दमूताईंच्या ओटीवर येई. “पान बाहेरून आणलं तर लग्न लागत नाही की काय?” असं मी गमतीने विचारलं होतं. “लागतं,” त्या म्हणाल्या होत्या, “पण मला कळतं.”

बेणं मागणाऱ्याला त्या नाही म्हणत नसत. इथेच लोकांना खटकणारी गोष्ट सुरू होई. पानवेल असो वा मिरवेल, देण्याआधी त्या मुळं पाण्याखाली धरून, दोन बोटांनी चोळून, इतकी स्वच्छ करीत की मातीचा कणही उरत नसे. उघडीवाघडी, पांढरी, थरथरणारी मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळून हातात येत. ती पाहताना मला नुकत्याच न्हाऊ घातलेल्या, अजून न पुसलेल्या बाळाची आठवण होई. पण बाग करणाऱ्या माणसाला ठाऊक असतं की रोपाबरोबर त्याची थोडी माती हवी. तिच्याशिवाय ते हिरमुसतं. धुतलेली बरीच रोपं मेली.

“मातीसुद्धा काढून घेते!” हंसाबेन म्हणत. “द्यायचं तर दिलं, म्हणून मिरवायचं, आणि जगूही द्यायचं नाही. मोठी पक्की बाई आहे.”

मीही ते मनात ठेवलं होतं. मसोलीतल्या माझ्या अंगणात नारळाला टेकून लावलेली त्यांची पहिली मिरवेल आठवड्याभरात वाळली. दुसरी जगली, ती मी दसऱ्याची मंडळाची माती बुंध्याशी घातली म्हणून, अशी माझी समजूत होती.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता वाणगावला राऊत सरांची मिरवेल पिवळी पडली. पानं खालून वर, एकेक करून, देठासकट गळत गेली आणि बुंध्याशी काळा, ओला पट्टा उमटला. बोट लावलं की साल सुटून यायची आणि कुजका वास बोटाला दिवसभर राहायचा. मग हंसाबेनच्या पिंपातल्या वेलीचं तेच झालं. मग माझ्या नारळावरच्या. मातीतून पसरणाऱ्या या रोगाला इकडचे वाडीवाले ‘मर’ म्हणतात, आणि हा शब्द ते मोठ्याने उच्चारत नाहीत.

मंडळाच्या व्हॉट्सॲपवर आधी वेलींचे फोटो आले, त्यानंतर हात जोडलेली चित्रं, आणि मग एक वाक्य, कुणी आधी लिहिलं हे आता आठवत नाही: ‘ज्यांनी कधी माती घातली नाही, त्यांना काहीतरी ठाऊक होतं.’ नाव कुणी घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही. दोन दिवसांनी राऊत सरांचा निरोप आला: पुढची बैठक तलासरीला, विषय ‘मंडळाची शिस्त’. याचा अर्थ दमूताईंना काढायचं, हे सगळ्यांना कळलं.

मी त्यांना भेटायला गेले. सहानुभूती होतीच, पण संशय तिच्याहून जड होता.

त्यांचं घर वाडी आणि रस्ता यांच्या मधोमध बसलेलं आहे. ओटी रस्त्याकडे, स्वयंपाकघराचं दार थेट वाडीत. पाहुण्यांनी मात्र बाजूच्या फाटकानेच यायचं-जायचं. फाटकाशी वाडीत काम करणारी सोमी झावळ्या विणत बसली होती. “जाताना पाय नीट बुडवा, बाय,” ती हसली, “न्हाय तं आमची बाय स्टेशनापरत मागं येल.”

दमूताईंनी मला बसायला सांगितलं नाही. “तू विचारायलाच आली आहेस,” त्या म्हणाल्या, “तर चल, बघ.”

चिकूच्या गर्द, थंड सावलीतून त्यांनी मला मागे नेलं. तिथे झावळ्यांचा उंच पडदा होता. तो बाजूला करताच मला आधी वासच लागला: तोच, माझ्या बोटावर राहिलेला. पलीकडे पानमळा होता; म्हणजे एके काळी होता. पांगाऱ्याचे खुंट रांगेने उभे, त्यांना बांधलेल्या केळीच्या सोपट्या वाऱ्यावर हलत होत्या आणि धरून ठेवायला वेल कुठेच नव्हती. मातीवर चुन्याची पांढरी साय पसरलेली. एवढ्या हिरव्या वाडीच्या पोटात तो तुकडा दात पडलेल्या हिरडीसारखा दिसत होता.

“कधीपासून?”

“पुष्कळ पावसाळे झाले.”

“मग लग्नांना पानं कुठली जातात?”

त्यांनी वर बोट केलं. घराच्या गच्चीवर पिंपांच्या रांगा होत्या, आणि त्यांतून सासूबाईंची वेल, रेतीत वाढवलेली, जमिनीला कुठेही न टेकता, डुलत होती.

“सांगायचं होतंत, ताई. कुणी तुम्हाला खाऊन टाकलं नसतं.”

“या वाडीत मर आहे, असं एकदा म्हटलं ना, की माझ्या हातचं पान कुणी देवापुढेसुद्धा ठेवणार नाही. सासूबाई गेल्या तेव्हा काही मागितलं नाही. एवढंच म्हणाल्या, वेल राख.” मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “तुझ्या गच्चीवर माती आहे?”

“नाही. नुसतं ऊन आहे.”

“बरं आहे,” त्या म्हणाल्या.

परतताना निळ्या पाण्यात पाय बुडवून मी पुष्कळ वेळ उभी राहिले. या बाईने धुतलेल्या मुळांनी आमच्या बागा राखल्या होत्या, आणि त्याच धुण्याने आपलं गुपितही राखलं होतं. त्या दोन्हींतलं आधी कोणतं, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. आजही येत नाही.

तलासरीच्या बैठकीला त्या आल्या. अंगणात सारवणाचा ओला वास होता, दूर महामार्गावरून अच्छाडकडे जाणाऱ्या ट्रकांची घरघर येत होती आणि मध्यभागी मंडळाची कुंडी होती. राऊत सर सुरुवात करणार, तोच दमूताई उभ्या राहिल्या.

“शिस्तीचं नंतर बोला. माझ्या वाडीत मर आहे.”

त्यांनी कुंडीकडे बोट केलं.

“म्हणून मी माती दिली नाही, आणि म्हणून मुळं धुतली. तुमच्यातल्या कुणाच्या तरी मातीत मर होती आणि ही कुंडी ती दर दसऱ्याला घरोघर वाटत होती. विश्वास नसेल तर उपडी करा.”

राऊत सरांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतः कुंडी आडवी केली. अनंताचं झाड मातीच्या गड्ड्यासह बाहेर आलं. वरून इतकं तजेलदार असलेल्या त्या झाडाची निम्मी मुळं तपकिरी, मऊ झाली होती. सरांनी एक चिमटीत धरलं. साल त्यांच्या बोटांत राहिली आणि आतला दोरा लोंबकळला. ‘सगळ्यांची माती सगळ्यांच्या घरी’ हे वाक्य त्यानंतर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

हंसाबेन मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. “म्हणजे तुझ्याकडे ती सगळ्यांच्या आधीपासून होती. आणि तू आम्हाला आज सांगतेस!”

“माझी माती मी कुणाला दिली नाही, हंसा.”

“माती नाही दिलीस. पाय तर दिलेस! माझ्या गच्चीत तू आली नाहीस? सरांच्या मिरवेलीखाली उभी राहून भिंग लावलं नाहीस? आमचे पाय निळे करून पाठवलेस. तुझे कधी केलेस?”

मी दमूताईंकडेच पाहत होते, म्हणून मला ते दिसलं. त्यांची नजर हळूहळू खाली गेली, स्वतःच्या पायांवर, करड्या रंगाच्या जुन्या चपलांवर थांबली. मला त्यांचं घर आठवलं: स्वयंपाकघराचं दार वाडीत, ओटीचं दार रस्त्यावर. फाटकाने पाहुणे जात. घरची बाई घरातून जाई.

जगातल्या प्रत्येक पानाची पाठ पाहणाऱ्या त्या बाईने आपल्या चपलेची पाठ कधी पाहिली नव्हती.

त्या खाली वाकल्या. चपला काढल्या, उलट्या केल्या आणि गळ्यातलं भिंग चपलांच्या तळांच्या खाचांवर धरलं. बराच वेळ धरलं. भिंगातून मर दिसत नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक होतं. मग चपला हातात घेऊन त्या अनवाणी अंगणाबाहेर गेल्या.

त्यांना कुणी मंडळातून काढलं नाही. त्या परत आल्या नाहीत, एवढंच. रोग मुळात कुणाकडून आला, हे माती तपासून घेतली असती तर कदाचित कळलं असतं. राऊत सरांनी तसं सुचवलंही. पण आपापली माती द्यायला कुणीच पुढे आलं नाही, आणि त्या दिवसापासून आम्ही एकमेकांच्या अंगणात जपून पाऊल टाकू लागलो. त्या हिवाळ्यात नरपडच्या लग्नांमध्ये पान बाजारातून आलं. एका मांडवात मी ते जिभेवर ठेवलं. नुसतंच तिखट होतं.

शेवटचं दर्शन त्यानंतरचं. दुपारची वेळ होती. अंगणातल्या नारळाच्या बुंध्याला वाळलेल्या मिरवेलीची देठं अजून चिकटून होती, ती मी खरवडत होते. रस्त्यावर रिक्षा थांबली आणि चुन्याचा वास आला. मी वळले. फाटकाबाहेर दमूताई उभ्या होत्या. एका हातात ओल्या गोणपाटाचा गुंडाळा तान्ह्या मुलासारखा छातीशी धरलेला. त्यातून पांढऱ्या मुळांची टोकं आणि मधाच्या रंगाचं एकच पान बाहेर आलेलं. दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी, तिला घट्ट गाठ, आणि आत त्यांच्या चपला.

माझी नजर आधी त्यांच्या पायांकडे गेली. ते अनवाणी होते, घोट्यांपर्यंत निळे, जणू संध्याकाळच्या समुद्रातून चालत आलेले. मी पाहिलं, हे त्यांनी पाहिलं. रागावतील असं वाटलं. मग वाटलं, कुठून काय आणलं आहे ते सांगतील, किंवा माझ्या नारळाखालच्या मातीबद्दल तरी विचारतील. फाटकाच्या कडीपाशी गेलेला हात त्यांनी कडीला न लावता मागे घेतला, गच्चीवरच्या उन्हाकडे एकदा मान वर करून पाहिलं आणि अगदी हळू म्हणाल्या,

“येऊ?”